मराठवाड्यातील घराण्याची वंशावळ शोधताना: सुरुवात कोठून करावी

वंशावळ शोधण्याचे मनावर घेतले की बहुतेक जण आडनावाचा धागा धरतात, आणि मराठवाड्यात हा धागा दोन-तीन पिढ्यांतच तुटतो. निजामाच्या राजवटीतील महसुली कागदांत माणसाची ओळख पुष्कळदा ‘राणोजी वल्द बाबाजी, साकीन मौजे अमुक’ एवढीच असते. तेथे वडिलांचे नाव असते, गाव असते, कधी जातही असते, पण आडनाव असेलच असे नाही. शिवाय पाटील, देशमुख, कुलकर्णी, देशपांडे ही आडनावे मुळात वतनाच्या हुद्द्यांवरून आली असल्याने एकाच गावच्या दोन पाटील घराण्यांचा रक्तसंबंध असतोच असे नाही. उलट एकाच भावकीतील एक शाखा ‘पाटील’ आणि दुसरी मूळ उपनावाने ओळखली जाते. त्यामुळे या भागात शोध घेणाऱ्याने आडनावापेक्षा गाव आणि शेत धरून चालावे. माणसांची नावे पिढ्यापिढ्यांत पुन्हापुन्हा येतात, आडनावे बदलतात, पण कोणत्या शिवारातील कोणती जमीन कोणाकडून कोणाकडे आली याचा माग बराच मागेपर्यंत लागतो. जमीन नसलेल्या घरांसाठी वाट थोडी वेगळी आहे, तिचा उल्लेख पुढे येईल.

घरातील जाणती माणसे

पहिले काम कचेरीत नसून घरात आहे, आणि ते लांबणीवर टाकता येत नाही, कारण कागद तहसिलीत आणखी दहा वर्षे पडून राहतील, पण ऐंशी-नव्वदीतल्या आत्याबाईंची आठवण तोवर टिकेल याचा भरवसा नाही. वडीलधाऱ्यांना ‘खापरपणजोबांचे नाव काय’ असे थेट विचारले तर बहुधा ‘काय की बाबा’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी व्यवहाराचे प्रश्न विचारावेत. आपल्या बांधाला बांध कोणाचा होता, वाटणी कोणाच्या हयातीत झाली, कोणती आत्या कोणत्या गावी दिली, दिवाळीला माहेरचे मूळ (बोलावणे) घेऊन कोण यायचे, आजीचे माहेर कोणते आणि तिचे माहेरचे नाव काय, अशा प्रश्नांतून नावे आपोआप बाहेर पडतात. भावकी कोठवर पसरली आहे हे ठरवायला सुतकाचा प्रश्न फार उपयोगी पडतो. ज्या घरांचे दहा दिवसांचे सुतक आपण धरतो ती घरे जवळच्या शाखेची, आणि ज्यांचे तीन दिवसांचेच धरतो ती दूरच्या शाखेची, हा हिशेब घरातील बायकांना पुरुषांपेक्षा चोख माहीत असतो.

जुन्या माणसांना सन सांगता येत नाही, पण प्रसंग सांगता येतात, आणि ते प्रसंग आपल्याला सनात बसवता येतात. ‘मानमोडीत गेले’ म्हणजे 1918च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत. ‘रझाकारात गाव सोडले’ म्हणजे 1947-48. ‘पोलीस ॲक्शननंतर लग्न झाले’ म्हणजे भारतीय सैन्याच्या हैदराबादवरील कारवाईनंतर, सप्टेंबर 1948च्या पुढे. ‘बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात होतो’ म्हणजे 1972-73, आणि ‘किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी थोरला पोटात होता’ म्हणजे 30 सप्टेंबर 1993च्या आसपास. अशा प्रत्येक आठवणीपुढे सांगणाऱ्याचे नाव आणि सांगितल्याची तारीख लिहून ठेवावी. परवानगी घेऊन मोबाइलवर आवाज नोंदवला तर उत्तमच, कारण गावांची आणि माणसांची नावे घाईत लिहिताना चुकतात.

मग घरातील लोखंडी पेटी उघडावी. शेतसाऱ्याच्या पावत्या, वाटणीपत्र, खरेदीखत, शाळेचे दाखले या गोष्टी लोक जपतातच, पण लग्नपत्रिका आणि आहेराच्या वह्या रद्दीत जातात, हे मला नेहमी खटकते. आहेराच्या वहीत गावाच्या नावानिशी सोयऱ्यांची यादी असते, आणि पत्रिकेत प्रेषक, निमंत्रक, मामा, आजोबा यांची नावे नात्यासकट छापलेली असतात. फडताळावरच्या पितळी भांड्यांकडेही नीट पाहावे. घागरीच्या गळ्यापाशी किंवा ताटाच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरे चिंचेने घासल्यावर दिसू लागतात. त्यांत देणाऱ्या मामाचे नाव, गाव आणि कधीकधी लग्नाची तिथीही सापडते. आजीच्या माहेरचा दुसरा कोणताही पुरावा हाती नसताना अशी एक घागर शोधाला दिशा देते.

टिपण ठेवताना प्रत्येक व्यक्तीला एक क्रमांक द्यावा आणि नावाशेजारी ‘कोठून कळले’ असा रकाना ठेवावा. क्रमांकाची गरज दोन कारणांनी पडते. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या रिवाजामुळे एका घराण्यात तीन-तीन मारोती आणि चार-चार विठोबा निघतात. शिवाय मामाच्या मुलीशी, आणि तेलंगण-कर्नाटकाच्या बाजूला काही समाजांत बहिणीच्या मुलीशीही, लग्ने होत आल्याने एकच व्यक्ती वंशवृक्षात दोन ठिकाणी येते. दत्तक गेलेला मुलगा दोन्ही घरांच्या यादीत लिहावा आणि दत्तकाचा उल्लेख स्पष्ट करावा, नाहीतर पुढे फेरफार, म्हणजे जमिनीच्या मालकीतील बदलांच्या नोंदी, वाचताना गोंधळ उडतो.

गाव तेव्हा कोणत्या जिल्ह्यात होते

कचेरीची पायरी चढण्यापूर्वी आपले मूळ गाव कोणकोणत्या तालुक्यांतून आणि जिल्ह्यांतून फिरले आहे ते पाहून घ्यावे. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यानंतर 1 नोव्हेंबर 1956पर्यंत हैदराबाद राज्यात, मग द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1 मे 1960पासून महाराष्ट्रात. राज्य पुनर्रचनेत उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यातून, तर किनवट आदिलाबाद जिल्ह्यातून इकडे आले. उलट देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे आणि मुधोळकडील भाग पलीकडे गेला. जालना जिल्हा 1981मध्ये, लातूर 1982मध्ये आणि हिंगोली 1999मध्ये स्वतंत्र झाला. म्हणजे उदगीरकडच्या घराण्याने 1956पूर्वीचे कागद फक्त लातुरात शोधले तर अर्धे काम राहून जाते. धाराशिव आणि बीदर या दोन्ही ठिकाणी चौकशी करावी लागते.

गावाचे ठिकाणही बदललेले असू शकते. जायकवाडी धरणात गोदाकाठची गावे बुडाली, 1993च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवमधील गावे नव्या जागी वसली, आणि त्याआधीच्या काळात साथीने किंवा दुष्काळाने उठून गेलेली ‘बेचिराख’ गावे महसुली नकाशावर अजूनही नावानिशी आहेत. रझाकारांच्या काळात अनेक कुटुंबे सोलापूर, बार्शी, अहमदनगर आणि वऱ्हाडाकडे निघून गेली होती, त्यामुळे त्या दोन वर्षांतील जन्म किंवा शाळाप्रवेशाची नोंद सरहद्दीपलीकडच्या गावी सापडण्याची शक्यता धरावी.

सातबारापासून मागे

जमिनीच्या कागदांचा माग नेहमी आजच्या बाजूने मागे घ्यावा. शासनाच्या ‘महाभूलेख’ या संकेतस्थळावर सातबारा घरबसल्या पाहता येतो. त्यावर फेरफारांचे क्रमांक असतात, आणि खरी माहिती त्या फेरफारांतच दडलेली असते. वारसाच्या फेरफारात ‘खातेदार अमुक दिनांकास मयत झाले, त्यांच्या पश्चात वारस खालीलप्रमाणे’ असे लिहून पत्नी, मुलगे आणि मुली यांची नावे आणि वये, तर विवाहित मुलींच्या पुढे सासरचे गाव दिलेले असते. एका चांगल्या फेरफाराने तीन पिढ्या एका पानावर येतात. एका फेरफारातील मृत खातेदाराला जमीन कोणत्या फेरफाराने मिळाली ते पाहायचे आणि तसेच मागे सरकत जायचे, ही पद्धत कंटाळवाणी असली तरी खात्रीची आहे.

जुन्या सातबारावरील संक्षेप समजून घ्यावेत. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालक कर्ता. ‘गणपती बापूराव, अ.पा.क. आई’ असे लिहिलेले दिसले तर त्या वेळी मुलगा सज्ञान नव्हता, आणि वारसाचा फेरफार असेल तर बापूराव हयात नव्हते, असे अनुमान काढता येते. फेरफाराच्या तारखेवरून मुलाच्या जन्माचा काळही अंदाजे ठरतो. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे ज्या एका भावाच्या नावे जमीन दिसते त्याच्या मागे नोंदीत न आलेले इतर भाऊ असू शकतात. ‘इतर अधिकार’ हा रकाना लोक बोजा आहे का एवढे पाहून सोडून देतात, पण विधवांचा पोटगीचा हक्क आणि बहिणींची नावे पुष्कळदा तेथेच असतात. 1956च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलींना वडिलांच्या मिळकतीत वारसा मिळाल्यानंतर त्यांची नावे कागदावर येऊ लागली, आणि त्यांतली कित्येक हक्कसोडपत्राच्या निमित्ताने, म्हणजे नाव कमी करण्यासाठीच आली, ही गोष्ट वंशावळ शोधणाऱ्याला लाभाची असली तरी वाचताना मन विषण्ण होते.

एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, म्हणून जुना कागद मागताना गटाचा जुना सर्व्हे नंबर कोणता ते भूमी अभिलेख कार्यालयातून आधी काढून घ्यावे. त्याच्या मागे मराठवाड्यात 1954-55चे खासरा पाहणी पत्रक आणि कुळांची नोंदवही हा मोठा टप्पा आहे. त्याहून मागे सेतवार (सर्व्हे नंबरवार जमीन व खातेदारांचे पत्रक), वसूल बाकी (साऱ्याच्या वसुलीचे पत्रक) आणि पाहणीची जुनी पत्रके लागतात. हे सारे तहसीलच्या अभिलेख कक्षात आणि भूमी अभिलेख कार्यालयात विभागलेले असते. नकलेच्या अर्जात गाव, जुना सर्व्हे नंबर, वर्ष आणि खातेदाराचे नाव लिहावे. ‘आमच्या पूर्वजांची सर्व माहिती द्यावी’ अशा अर्जाला उत्तर येत नाही, आणि आले तरी ‘अभिलेख आढळून येत नाही’ हेच येते.

राज्य शासनाने सप्टेंबर 2023मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमल्यानंतर मराठवाड्यातील कपाटांवरची धूळ प्रथमच मोठ्या प्रमाणावर झटकली गेली आणि अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर सापडलेल्या नोंदी गावनिहाय आल्या. त्या जरूर पाहाव्यात, परंतु तो शोध एका जातीच्या नोंदीपुरता होता हे लक्षात ठेवावे. आपल्या घराण्याचे पान त्यात दिसले नाही म्हणून ते कचेरीतही नाही, असे समजू नये. त्या निमित्ताने महसूल, शिक्षण, पोलीस, कारागृह, नोंदणी अशा किती खात्यांत जुनी नावे पडून आहेत हेही लोकांना कळले. माझ्या मते जातीच्या प्रमाणपत्रासाठीची वंशावळ आणि जाणून घेण्यासाठीची वंशावळ यांची टिपणे वेगळी ठेवावीत, कारण पहिलीत अर्जदारापासून नोंदीपर्यंतची एकच सरळ रेषा पुरते आणि बाकीची माणसे, विशेषतः बायका, गळून पडतात.

जमीन नसेल तेव्हा

भूमिहीन, बलुतेदार आणि भटक्या कुटुंबांसाठी दोन नोंदी फार मोलाच्या आहेत. पहिली गाव नमुना 14, म्हणजे गावोगावच्या जन्म-मृत्यूंची नोंद, जिला सर्रास कोतवाल बुक म्हणतात. तिच्यात बापाचे नाव आणि बहुधा जात असते. जन्म-मृत्यू नोंदणीचा 1969चा कायदा लागू झाल्यावर हे काम ग्रामपंचायतीकडे व नगरपालिकेकडे आले, म्हणून त्यापूर्वीचे तहसिलीत आणि नंतरचे पंचायतीत शोधावे. दुसरी नोंद शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरातील. मुख्याध्यापकांना भेटून, वर्ष अंदाजे सांगून, रजिस्टर समोर बसून पाहण्याची विनंती करावी, कारण आपल्या आजोबांच्या वरखाली त्यांचे चुलतभाऊही त्याच पानावर सापडतात. तेथील जन्मतारखेवर मात्र फार विसंबू नये. गुरुजींनी सोयीने लिहिलेली 1 जून ही तारीख पाहिली तर अर्धा मराठवाडा एकाच दिवशी जन्मलेला दिसतो.

महारकी वतन आणि बलुतेदारांच्या इनाम जमिनी यांचीही पत्रके होती, म्हणून ‘आमची जमीन कधी नव्हतीच’ हे घरातील वाक्य एकदा पडताळून पाहावे. 1951च्या नागरिकांच्या राष्ट्रीय रजिस्टराची पाने ज्या तालुक्यांत टिकली आहेत तेथे जमीन असो वा नसो, सगळ्या घरांची नावे मिळू शकतात. मुस्लिम घराण्यांनी काझींकडील निकाहाच्या नोंदी आणि घरातील शजरा, म्हणजे वंशावळीचा तक्ता, पाहावा.

उर्दू, मोडी आणि फसली साल

निजामाच्या राज्यात वरच्या कारभाराची भाषा उर्दू होती, तर गावपातळीवर पटवाऱ्याच्या हातचे मोडीही चालत असे. दोन्ही वाचणारे लोक आता थोडे असले तरी मिळतात. मोडीचे वर्ग पुराभिलेख विभागातर्फे होतात, आणि उर्दू नोंदींसाठी गावातीलच एखादे निवृत्त शिक्षक पुरतात, मात्र कचेरीत दाखल करायचे असेल तर अधिकृत भाषांतर लागते. स्वतः न शिकताही काही शब्द ओळखीचे करून घ्यावेत: ‘वल्द’ किंवा ‘बिन’ म्हणजे अमुकाचा मुलगा, ‘जौजे’ म्हणजे अमुकाची बायको, ‘बेवा’ म्हणजे विधवा, ‘कौम’ म्हणजे जात, ‘साकीन’ म्हणजे राहणार.

सालांची गल्लत ही सर्वांत महागात पडणारी गोष्ट आहे. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजूर महिन्यापासून सुरू होत असे. फसली सालात ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी 590 आणि जानेवारीपासून पुढे 591 मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे फसली 1340 हे ऑक्टोबर 1930 ते ऑक्टोबर 1931 असे पडते. हाच आकडा हिजरी समजला तर आपण 1921-22मध्ये जाऊन पोहोचतो आणि बाप-लेकाच्या वयांचा मेळ बसेनासा होतो. शके असेल तर 78 मिळवावे, आणि वर्षाअखेरीच्या पौष-माघ-फाल्गुनाची तिथी असेल तर पुष्कळदा 79. मूळ साल, त्याचा प्रकार आणि काढलेला इसवी सन असे तिन्ही टिपणात लिहावे.

वतनदार, इनामदार किंवा देवस्थानाशी बांधलेल्या घराण्यांसाठी ‘मुंतखब’ हा कागद विशेष आहे. इनामाची चौकशी होऊन हक्क मान्य झाल्याचा तो दस्त असून विरासतीच्या (वारसाहक्काच्या) प्रकरणांत त्यासोबत वंशावळ जोडलेली मिळते. अशा घराण्यांनी छत्रपती संभाजीनगर येथील पुराभिलेखागाराची शाखा आणि हैदराबादेत तारनाका येथील राज्य पुराभिलेखागार, जेथे निजामाच्या दिवाणी आणि महसुली दफ्तरांचा मोठा साठा आहे, येथे चौकशी करावी.

उपाध्ये, भाट आणि हेळवी

कचेरीबाहेरची दफ्तरे तीर्थक्षेत्री आहेत. पैठण, पंचवटी, त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग आणि गया येथील तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळ्या असतात. मूळ गाव, आडनाव आणि जात सांगितल्यावर आपल्या भागाचे उपाध्ये कोण ते तेथेच कळते. चोपडीत आलेल्या यात्रेकरूने आपल्या वाडवडिलांची, भावांची, मुलांची आणि पुष्कळदा आई-पत्नीचीही नावे सांगून खाली सही केलेली असते. पणजोबांचे हस्ताक्षर पाहायला मिळण्याची ही बहुधा एकमेव जागा आहे. तुळजापूर आणि माहूर येथील पुजाऱ्यांच्या घराण्यांतही कुळांच्या चोपड्या आहेत, म्हणून कुलाचाराला जाल तेव्हा वेळ काढून विचारावे, आणि गर्दीच्या दिवसांत, नवरात्रात तर मुळीच, ही अपेक्षा धरू नये. पानाचा फोटो घेण्यापूर्वी परवानगी मागावी व दक्षिणा द्यावी, कारण ती वही त्यांची उपजीविका आहे.

काही घराण्यांची वंशावळ भाट सांगतात, दक्षिणेकडे कर्नाटकाच्या बाजूला हेळवी येतात, बंजारा तांड्यांवर ढाडी येतात. त्यांच्या पोथीतील अलीकडच्या सहा-सात पिढ्या कागदांशी ताडून पाहाव्यात. त्या जुळल्या तर पोथीला वजन आहे. त्यापलीकडे चितोड, उज्जैन किंवा देवगिरीच्या राजघराण्यापर्यंत जाणारा भाग ऐकावा, लिहूनही ठेवावा, पण वेगळ्या पानावर, ‘परंपरेने सांगितलेले’ असे शीर्षक देऊन. दोन निश्चित सनांमधील पिढ्या मोजून प्रत्येक पिढीला पंचवीस ते तीस वर्षे धरली तर कोठे दोन-चार नावे गळाली किंवा घुसली, तेही लक्षात येते.

दोन कागदांत वेगळी नावे आली तर एकाला खोडू नये. घरात ‘नाना’, सातबारावर ‘नारायण’ आणि शाळेत ‘नारोबा’ असा एकच माणूस असू शकतो, आणि दोन वेगळे भाऊही असू शकतात. शेताचा सर्व्हे नंबर, बायकोचे नाव आणि सासुरवाडी या तीन गोष्टी लावून पाहिल्या की बहुतेक प्रकरणे सुटतात. हयात माणसांच्या बाबतीत दुसरे लग्न, दत्तक, वाटणीचे भांडण अशा गोष्टी भावकीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याआधी संबंधितांना विचारावे. वडिलांच्या बाजूची रेषा खासरा पाहणीपर्यंत नेऊन झाली की तेच गाव, तेच वर्ष आणि तीच पद्धत घेऊन आजीच्या माहेरच्या गावी जावे. तेथल्या वारसाच्या फेरफारात आणि सातबाराच्या ‘इतर अधिकार’खाली तिचे नाव, तिच्या बहिणींची नावे आणि त्यांची सासरची गावे शोधायची असतात, आणि त्या गावांपैकी निदान एका घरी अजून कोणी मावसभाऊ ओळख धरून असतो.